‘आम’ म्हणजे विस्कटलेले प्रथिन नव्हे

गेल्या पावसाळ्यात एका औषधनिर्मिती संस्थेचे प्रतिनिधी आमच्या चिकित्सालयात येऊन एक गुळगुळीत रंगीत पत्रक ठेवून गेले. पत्रकावर मेंदूचे चित्र, मेंदूत काळपट डाग, आणि त्याखाली ठळक अक्षरांत एक समीकरण छापलेले होते : ‘आम = चुकीची घडी पडलेले प्रथिन’. पुढचे ओघानेच आले. अमुक कल्प आमपाचक आहे. सबब तो मेंदूत साचलेली विकृत प्रथिने पचवितो. सबब स्मृतिभ्रंश व कंपवात यांवर तो ‘मूलगामी’ उपाय आहे.

हे समीकरण आता नवे राहिलेले नाही. चर्चासत्रांतील भाषणांत, पदव्युत्तर प्रबंधांच्या प्रस्तावनांत आणि भ्रमणध्वनीवरून फिरणाऱ्या संदेशांत ते आम्ही अनेकदा वाचले व ऐकले आहे. त्याविषयी स्पष्ट लिहावे असे आम्हांस वाटू लागले, याचे कारण त्याच्या प्रसारात आमचाही वाटा आहे. तो कसा, हे पुढे येईलच. प्रथम पेशीमध्ये नेमके काय घडते ते पाहू. ते समजून न घेता त्याला होकार देणेही सोपे, आणि नाक मुरडणेही सोपे.

गाईच्या चिकाचा खर्वस आपण सर्वांनी खाल्लेला आहे. पातळ चीक वाफेवर ठेवला की काही वेळात वडी थापते. चिकातील प्रथिने उष्णतेने उलगडतात, एकमेकांत गुंततात आणि घट्ट होतात. ती वडी कितीही गार केली तरी तिचा पुन्हा चीक होत नाही. द्रव्य तेच राहिले, बदलली ती आतील रचना. प्रत्येक प्रथिन म्हणजे वीस प्रकारच्या अमिनो आम्लांची ओवलेली माळ असते. परंतु माळ नुसती ओवली म्हणजे ती कामाची होत नाही. तिला विवक्षित घडी पडावी लागते, तेव्हाच ते प्रथिन पाचक होते, वाहक होते किंवा स्नायूतील दोरी होते. या माळेचा कणा कोणकोणत्या कोनांत वळू शकतो आणि कोणत्या कोनांत मुळीच नाही, याचा आलेख १९६३ मध्ये मद्रास विद्यापीठातील जी. एन. रामचंद्रन व त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडला. जगातील प्रत्येक प्रथिनरचना आजही त्या आलेखावर ताडून पाहिली जाते. आपल्या महाविद्यालयांतून हे नाव क्वचितच ऐकू येते, याची खंत वाटते.

घडी कोण घालते? अमेरिकेतील क्रिश्चन अँफिन्सेन यांनी गाईच्या स्वादुपिंडातील रायबोन्यूक्लिएज या १२४ अमिनो आम्लांच्या प्रथिनावर प्रयोग केले. युरिया व अन्य एका रसायनाने त्यांनी त्याची घडी पूर्ण मोडली. प्रथिनाचे कार्य थांबले. मग ती रसायने हळूहळू काढून टाकली, तेव्हा माळ आपली आपणच पूर्ववत वळली आणि कार्य परत आले. त्या माळेत गंधकाचे चार दुवे असतात आणि ते जुळण्याच्या १०५ शक्यता होत्या. त्यांपैकी योग्य तीच माळेने निवडली. घडीची सारी माहिती माळेच्या क्रमातच असते, हा त्यातून निघालेला निष्कर्ष. १९७२ च्या रसायनशास्त्राच्या नोबेल पारितोषिकात अँफिन्सेन यांचा वाटा होता. अलीकडे, २०२४ मध्ये, ज्यांना ते पारितोषिक मिळाले त्यांत डेमिस हसाबिस व जॉन जंपर हे क्रमावरून प्रथिनाचा आकार संगणकाने वर्तविणारेही होते. तथापि संगणक सांगतो तो अंतिम आकार. पेशी तेथवर कशी पोहोचते, वाटेत काय बिघडते, हा प्रश्न निराळाच आहे.

आणि बिघडण्यास वाव पुष्कळ आहे. परीक्षानळीत प्रथिन एकटे असते, पेशीत मात्र गर्दी असते. अंड्याच्या पांढऱ्यात प्रथिनांचे प्रमाण सुमारे दहा टक्के असते. पेशीरसात ते त्याच्या दुपटी-तिपटीपर्यंत जाते. अशा दाटीत अर्धवट वळलेल्या माळेचे चिकट भाग उघडे राहिले, तर ते शेजारच्या माळेला चिकटतात. म्हणून पेशीमध्ये साहाय्यक प्रथिने असतात. इंग्रजीत त्यांना शॅपेरोन म्हणतात. आम्हांस त्यांच्यासाठी ‘सुईण’ हा शब्द अधिक योग्य वाटतो. सुईण प्रसूती सुखरूप पार पाडते, पण मूल तिचे नसते. यांचा शोध लागण्याची सुरुवात १९६२ मध्ये इटलीतील फेरुचिओ रितोस्सा यांच्या निरीक्षणातून झाली. फळमाशीच्या अळ्या नेहमीपेक्षा अधिक उष्णतेत राहिल्या, तेव्हा त्यांच्या गुणसूत्रांवर नवे फुगवटे दिसू लागले. त्या ठिकाणी तयार होणारी प्रथिने ही पेशीच्या संकटकाळातील साहाय्यक प्रथिने होत, हे पुढील काळात कळले. १९८९ मध्ये उलरिख हार्टल व आर्थर हॉरविच यांनी दाखविले की, कित्येक प्रथिनांना घडीसाठी अशा साहाय्यकाची गरज असतेच. जिवाणूंत तर सात-सात घटकांची दोन कडी एकावर एक रचलेले पिंप असते. उलगडलेले प्रथिन त्यात शिरते, वर झाकण बसते, आणि गर्दीपासून दूर, एकांतात त्याची घडी पडते.

इतके करूनही चुकलेल्या घड्या उरतातच. त्यांची विल्हेवाट दोन मार्गांनी होते. पहिल्या मार्गात सदोष प्रथिनावर युबिक्विटिन नावाच्या ७६ अमिनो आम्लांच्या लहानशा प्रथिनाचे शिक्के एकामागून एक मारले जातात, आणि शिक्का बसलेला माल प्रोटिअसोम नावाच्या कातरयंत्रात जाऊन तुकडे-तुकडे होतो. या शोधासाठी चिकॅनोव्हर, हर्श्को व रोझ यांना २००४ चे नोबेल मिळाले. दुसरा मार्ग ऑटोफॅजीचा, म्हणजे पेशीने स्वतःच्याच अंगातील जीर्ण भाग पिशवीत बांधून पचविण्याचा. जपानचे योशिनोरी ओसुमी यांनी यीस्टला उपाशी ठेवून त्याचा उलगडा केला आणि २०१६ चे नोबेल मिळविले. याखेरीज इन्सुलिनसारखी बाहेर पाठविण्याची प्रथिने जेथे घडतात, त्या अंतर्द्रव्य जालिकेत सदोष माल साचू लागला की पेशी एक क्रम पाळते : प्रथम नवे उत्पादन मंद करते, मग साहाय्यक वाढविते, मग सदोष माल बाहेर काढून मोडविते. इतकेही पुरे पडले नाही, तर ती पेशी स्वतःच मरण पत्करते.

हे वाचून कोणत्या वैद्याला अग्नीची आठवण होणार नाही? जाठराग्नी, पाच भूताग्नी, सात धात्वग्नी. अग्नी मंद झाला की अपक्व द्रव्य साचणे, त्याने स्रोतोरोध होणे, आणि चिकित्सेत आधी भार कमी करणे. साम्य विलोभनीय आहे हे आम्ही नाकारीत नाही. विद्यार्थ्यांना शिकविताना आम्ही स्वतः ते योजतो. उपमा म्हणून ते उत्तमच आहे. आक्षेप आहे तो उपमेच्या जागी बरोबरीचे चिन्ह येण्याला.

मुळात आपल्याच ग्रंथांत आमाविषयी एकच मत नाही. अष्टांगहृदयाच्या सूत्रस्थानातील तेराव्या अध्यायात वाग्भटाचार्य अग्निमांद्याने अपक्व राहिलेल्या, आमाशयगत आद्य धातूला आम म्हणतात, आणि लगेच अन्य आचार्यांचे निराळे मतही नोंदवितात. अतिदुष्ट दोष एकमेकांत मिसळून, कोद्रवापासून विष उपजावे तसा, आम उपजतो असे ते मत आहे. दोन मते शेजारी-शेजारी ठेवण्याचा सावधपणा वाग्भटांनी दाखविला. आम्ही मात्र त्या दोहोंच्या जागी तिसरेच, परक्या शास्त्रातील मत आणून बसवितो आणि ते ‘मूळचेच’ म्हणून छापतो. आमाचे निदान जिव्हा, मल, नाडी, गौरव, आलस्य यांवरून करावयाचे असते. अल्झायमरच्या रुग्णाच्या मेंदूतील अमायलॉइड यांपैकी कशावरूनही कळत नाही. आणि स्वच्छ जिव्हेचे, उत्तम अग्नीचे वृद्ध याच व्याधीने खंगलेले आम्ही पाहिले आहेत.

याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, ‘अधिक सफाई म्हणजे अधिक आरोग्य’ हे गृहीतक पेशीच्या बाबतीत टिकत नाही. सिस्टिक फायब्रोसिस हा मुख्यतः युरोपीय वंशात आढळणारा आनुवंशिक विकार घ्या. त्यात बहुसंख्य रुग्णांच्या एका प्रथिनात १४८० पैकी ५०८ व्या स्थानावरचे एकच अमिनो आम्ल गळालेले असते. घडी थोडी बिघडते, तरी ते प्रथिन पेशीच्या पृष्ठभागावर पोहोचले असते तर बऱ्यापैकी काम करू शकले असते. पेशीची तपासणी मात्र इतकी कडक, की ती ते वाटेतच नष्ट करते. येथे विकार होतो तो सफाईच्या अतिरेकाने. २०१९ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेल्या तीन द्रव्यांच्या संयुक्त औषधातील दोन द्रव्ये त्या प्रथिनाची घडी सावरून त्याला पृष्ठभागापर्यंत पोहोचवितात, आणि तिसरे तेथे त्याचे कार्य सुधारते. उलट बाजूस, मायलोमा या रक्तपेशींच्या कर्करोगात २००३ पासून वापरात असलेले बॉर्टेझोमिब हे औषध प्रोटिअसोम जाणूनबुजून बंद पाडते, आणि कर्कपेशी स्वतःच्या कचऱ्याखाली मरतात. म्हणजे एका व्याधीत सफाई आवरावयाची, दुसऱ्या व्याधीत रोखावयाची. ‘आमपाचक म्हणून सर्वत्र हितकर’ हे विधान यात कोठे बसते?

साचलेले काढले की रोगी बरा होतो, हेही खरे ठरलेले नाही. लेकॅनेमॅब या प्रतिद्रव्याच्या चाचणीत आरंभीच्या अवस्थेतील १७९५ रुग्ण होते. १८ महिन्यांत त्यांच्या मेंदूतील अमायलॉइड मोठ्या प्रमाणात ओसरले. स्मृती व व्यवहार यांची घसरण मात्र सुमारे २७ टक्क्यांनीच मंदावली. अठरा गुणांच्या मापावर हा फरक अर्ध्या गुणाहूनही कमी भरतो. काही रुग्णांत मेंदूला सूज व रक्तस्राव दिसला, तो वेगळाच. कोट्यवधी डॉलर खर्चून, प्रत्यक्ष तो साठा हटवून दाखविणाऱ्यांना जेथे ‘बरा होतो’ असे लिहिता येत नाही, तेथे आपल्या पत्रकात ‘मूलगामी’ हा शब्द कोणत्या आधारावर छापला जातो?

आता आमच्या वाट्याविषयी. काही वर्षांपूर्वी एका जिल्हा शाखेच्या सभेत आम्ही याच विषयावर व्याख्यान दिले होते. पडद्यावर एक स्लाइड होती. तिच्या एका बाजूस आम, दुसऱ्या बाजूस विस्कटलेले प्रथिन आणि मध्ये बरोबरीचे चिन्ह होते. खाली लंघन व ऑटोफॅजी अशीच दुसरी जोडी होती. टाळ्या पडल्या. अनेकांनी भ्रमणध्वनीवर त्या स्लाइडचे छायाचित्र घेतले. नंतर वर्षभराने सत्तरी ओलांडलेल्या एका निवृत्त शिक्षिकेला तिचा मुलगा आमच्याकडे घेऊन आला. तिला अल्झायमरचे निदान झालेले होते. एका वैद्यबंधूंनी ‘आम पचला की मेंदूतल्या घड्या आपोआप उलगडतील’ असे सांगून तिला एकभुक्त ठेवले होते. सायंकाळी फक्त शुंठीसिद्ध जल. मज्जाविकारतज्ज्ञांनी दिलेली औषधेही बंद होती. तीन महिन्यांत बाईंचे वजन ५१ किलोवरून ४४ वर आले होते. त्या दोनदा न्हाणीघरात पडल्या होत्या. मुलाने भ्रमणध्वनी पुढे केला आणि ‘हे वाचून आम्ही तयार झालो’ असे म्हणून एक चित्र दाखविले. ती आमचीच स्लाइड होती.

त्या वैद्यबंधूंना दोष देणे आम्हांस जमले नाही. चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या बाविसाव्या अध्यायात क्षीण, कृश, वृद्ध, दुर्बल यांना बृंहणास योग्य म्हटले आहे, हे त्यांना ठाऊक नसेल असे नव्हे. पण नोबेल पारितोषिकाची झळाळी असलेल्या एका चित्राने ते वचन झाकून टाकले होते. उपाशी यीस्टची पेशी आणि वातप्रधान वयातील, भूक लागली हेही सांगू न शकणारी स्त्री यांच्यामध्ये जे अंतर आहे, ते आमच्या स्लाइडवर कोठेच दाखविलेले नव्हते. आम्ही तिला दूध, तूप, मऊ भात, मुगाचे कढण, सौम्य अभ्यंग यांवर ठेवले, आणि तज्ज्ञांशी बोलून त्यांची औषधे पुन्हा सुरू करविली. चार महिन्यांत वजन ४८ पर्यंत आले, पडणे थांबले. स्मृती परत आली नाही. ती येईल असे आम्ही मुलाला सांगितलेही नव्हते.

याचा अर्थ आपल्या द्रव्यांना या क्षेत्रात काही स्थानच नाही असा कोणी घेऊ नये. काशी हिंदू विश्वविद्यालयात सुभाष लाखोटिया व सहकाऱ्यांनी आमलकी रसायन व रससिंदूर फळमाशीच्या अळ्यांना खाऊ घातले. या माश्यांत हंटिंग्टन व अल्झायमर यांसारखे विकार मुद्दाम उत्पन्न केलेले होते. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधानुसार त्या माश्यांच्या पेशींत प्रथिनांचे गोळे साचणे कमी झाले, आणि युबिक्विटिन-प्रोटिअसोम मार्गाचे कार्य सुधारले. ज्या फळमाशीत साहाय्यक प्रथिनांची प्रथम चाहूल लागली, त्याच माशीवर आपल्या रसायनाची परीक्षा झाली, याचे आम्हांस विशेष कौतुक वाटते. मानेसर येथील राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्रातील २०१२ चा अभ्यासही असाच मोलाचा आहे. अल्झायमरसदृश विकार असलेल्या उंदरांना अश्वगंधामूळाचा अंशतः शुद्ध केलेला अर्क तीस दिवस दिला. त्यांचे वर्तन सुधारले, मेंदूतील अमायलॉइड घटले. परंतु परिणामाचे मुख्य स्थान मेंदू नव्हते, यकृत होते. यकृतातील एका ग्राहक प्रथिनाचे प्रमाण वाढले, आणि त्याने रक्तातील अमायलॉइड ओढून घेतले. घडीशी याचा थेट संबंध नाही. असे अनपेक्षित निष्कर्ष हेच खऱ्या संशोधनाचे लक्षण होय.

त्याच अश्वगंधेतील विदाफेरिन-ए हे द्रव्य कर्कपेशींत प्रोटिअसोम रोखते, असे दाखविणारा अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला आहे. म्हणजे त्याच वनस्पतीतील एक घटक सफाई थांबवितोही. हे द्रव्य पानांत विपुल असते. आयुष मंत्रालयाने २०२१ मध्ये अश्वगंधेची पाने न वापरण्याविषयी औषधनिर्मात्यांना दिलेली सूचना आमचे निर्माते मित्र विसरले नसतीलच. कोणता भाग, कोणता अर्क, किती मात्रा, कोणता प्राणी, कोणता विकार, हे सर्व गाळून केवळ ‘अश्वगंधा विकृत प्रथिने काढते’ एवढेच छापणे म्हणजे त्या संशोधकांच्या श्रमांचाही अवमान आहे. माशी व उंदीर यांवरून मनुष्याकडे जाण्याची वाट लांब आहे. त्या वाटेवर पैसा खर्च करण्याची तयारी आमच्या किती संस्था दाखवितात?

निर्मात्यांनी कायद्याची बाजूही पाहावी. नियम १७० संबंधी २०१८ पासून जे घडले व मोडले, ते वाचक जाणतातच. पण १९५४ चा औषधे व जादुई उपचार (आक्षेपार्ह जाहिराती) अधिनियम अस्तित्वात आहेच. त्याच्या अनुसूचीत मेंदूचे व मज्जासंस्थेचे विकार आहेत, मधुमेह आहे, मोतीबिंदूही आहे. गंमत अशी की प्रथिनांची घडी बिघडण्याशी ज्यांचा संबंध दाखविला जातो, ते बहुतेक विकार या यादीत येतात. मोतीबिंदू म्हणजे नेत्रमण्यातील प्रथिनांचेच गोळे होत. लेबल, वेष्टन, परिपत्रक हे सर्व या अधिनियमानुसार ‘जाहिरात’ ठरते. ‘केवळ नोंदणीकृत व्यावसायिकांसाठी’ या ओळीच्या आडोशाला मर्यादा आहेत. गोपनीय रीतीने वैद्याकडे पाठविलेल्या मजकुराला सूट आहे. चिकित्सालयाच्या प्रतीक्षाकक्षात किंवा औषधालयाच्या गल्ल्यावर गठ्ठ्याने ठेवलेल्या पत्रकाला ती कशी मिळणार?

आम्ही सदर संस्थेला पत्र लिहून तीन गोष्टी सुचविल्या. बरोबरीचे चिन्ह काढावे. ‘मूलगामी’ हा शब्द काढून त्या जागी, ज्या अभ्यासाचा आधार घेतला तो कोणत्या प्राण्यावर आणि द्रव्याच्या कोणत्या भागावर झाला, ते लिहावे. आणि स्मृतिभ्रंशाच्या रुग्णाचे चालू औषध व आहार वैद्य व तज्ज्ञ यांच्या संमतीवाचून बंद करू नये, ही ओळ ठळक छापावी. उत्तर सौजन्यपूर्ण आले. पत्रकाच्या पाच हजार प्रती छापून झाल्या आहेत, पुढील छपाईच्या वेळी विचार करू, असे त्यात म्हटले आहे. आमच्याकडे ठेवलेल्या चाळीस प्रती आम्ही त्यांच्या प्रतिनिधींना परत दिल्या आहेत. ती जुनी स्लाइड ज्यांच्या संग्रही असेल, त्यांनी कृपया ती पुसून टाकावी.